रेघेखालचा हात

आपलं माणूस आपल्याच यंत्रासमोर बसेल तेव्हा काय होईल, याची दर्शना घरतने कधी काळजी केली नव्हती. खोटं कशाला बोला, तिला उलट हौसच होती. थोरल्या भावाला चार पावलं चालून दम लागतोय, हृदयाची एक झडप निकामी होत आलीय असं कळल्यावर ती पुण्याहून स्वतः आली आणि हसूदादाला घेऊन तालुक्याच्या तपासणी केंद्रात गेली. केंद्रातली माणसं पटापट उठून उभी राहिली. जिचा फोटो भिंतीवर लावलाय तीच बाई दारात आली म्हटल्यावर उठणारच की.

"हात आत घाला, काका," सिस्टर म्हणाली.

हसूरामने पेटीच्या भोकाकडे पाहिलं. "चावनार तर नाय ना गो, बाय?"

"नाही रे दादा. दहा मिनिटं काळोखात तळहात उताणा ठेवायचा. हलवायचा नाही," दर्शना म्हणाली.

"दहा मिनटं रिकामा हात? बापजन्मात ठेवला नाय," तो म्हणाला आणि हसत हसत खोकला.

सगळे हसले. दर्शनाही हसली. त्या हसण्याची तिला पुढे फार लाज वाटली, पण ते पुढचं.

हसूराम अठ्ठावन्न वर्षांचा. शेवखारच्या खाडीकाठी मिठागरं उरली होती थोडी, त्यातलं एक त्याचं. वडील गेले तेव्हा तो चौदाचा होता आणि दर्शना आठची. त्याने शाळा सोडली आणि मीठ ओढायची लांब दांड्याची फळी हातात घेतली ती आजतागायत. दर्शना मात्र शिकली. तालुक्याला शिकली, मग मुंबईला, मग परदेशात जाऊन ताऱ्यांची डॉक्टर होऊन आली. गावात लोक विचारायचे, "तुझी बहीन कसली डाक्टर रं?" हसूराम सांगायचा, "चांदन्यांना ताप आला तर बघते."

थट्टेत बोलायचा, पण फार चुकीचं नव्हतं ते. ताऱ्याचा ताप बघणं हाच तर तिचा धंदा. ताऱ्याचा रंग त्याचा ताप सांगतो. निळा तारा सगळ्यांत तापलेला, मग पांढरा, पिवळा, नारिंगी, आणि तांबडा सगळ्यांत थंड. आपल्या नळांवर लाल म्हणजे गरम असतं, आभाळात बरोबर उलट. दुसरी गोष्ट दीप्ती, म्हणजे ताऱ्याचा खरा उजेड. दिसतो तो नव्हे. हातातला कंदील लांबच्या दीपगृहापेक्षा झगझगीत दिसतो, म्हणून काही तो मोठा होत नाही. अंतराचा हिशेब करून खरा उजेड काढावा लागतो. मग एक आलेख मांडायचा. आडवा ताप, उभी दीप्ती, आणि प्रत्येक तारा म्हणजे एक ठिपका. हे ठिपके सांडलेल्या मोहरीसारखे कुठेही पडत नाहीत. बहुतेक सगळे एका तिरक्या पट्ट्यात येतात. त्याला म्हणतात मुख्य क्रम. तारा आपल्या आयुष्यातला बराच काळ तिथे काढतो, पोटातलं इंधन सरत आलं की पट्टा सोडतो, फुगून तांबडा राक्षसी तारा होतो आणि संपतो. एक तारा जन्मापासून मरेपर्यंत बघायला कुणाला वेळ आहे? पण हजारो ताऱ्यांचा एकच फोटो काढला की त्यात तान्हे, तरणे, म्हातारे सगळे सापडतात. कोण किती दिवसांचा सोबती हे ठिपक्याच्या जागेवरून कळतं.

हेच माणसांचं केलं तर? दर्शनाच्या डोक्यात हे आलं आणि ती झपाटली. माणसाच्या शरीरातूनही उजेड बाहेर पडतो. ही पोथीतली थाप नव्हे. पेशींमधल्या रासायनिक घडामोडींतून तो निघतो, फक्त आपल्या डोळ्यांना दिसेल त्याच्या हजारपट मंद. दुर्बिणीला लावायचा संवेदक तिने पेटीत बसवला, एकेक प्रकाशकण मोजणारा. पुण्यातल्या अकरा हजार लोकांनी हौसेने हात दिले. प्राध्यापक, बँकेतली माणसं, संगणकवाले, विद्यार्थी. उजेडाचा रंग आडवा, उजेडाचं प्रमाण उभं. आणि काय सांगावं, माणसांचाही तिरका पट्टा उमटला! वय वाढतं तसा उजेड मंद होतो, तांबूस होतो, ठिपका पट्ट्यावरून खाली सरकत जातो. किती उरली आहेत ते वर्षांत सांगता येऊ लागलं. लोकांनी त्या पट्ट्याला रेघ म्हणायला सुरुवात केली. लग्न जुळवताना मुलगा रेघेवर आहे का विचारू लागले.

तळहात तिनेच निवडला होता. आपल्याकडे कातडीचे रंग शंभर, पण तळव्याचा रंग सगळ्यांचा जवळपास सारखा. रंगावरून कुणावर अन्याय नको. या एका गोष्टीबद्दल तिचं जगभर कौतुक झालं. तिचा स्वतःचा आकडा होता एकतीस वर्षं.

सिस्टरने पेटीचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. हसूरामचा ठिपका रेघेच्या पार खाली, उजव्या कोपऱ्यात, तांबड्या भागात पडला होता. आकडा होता तीन.

"किती गो?" हसूरामने विचारलं.

"बघते मी, दादा," दर्शना म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला एखादा आकडा मोठ्याने वाचता आला नाही.

तीन म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. माणसाच्याच पेशींतून वाढवलेली नवी झडप बसवता येत होती, पण झडपा थोड्या आणि रांग लांब. कुणाला द्यायची हे आरोग्य प्राधान्य मंडळ ठरवायचं, आणि ठरवायचं दर्शनाच्या रेघेवरून. ज्याची निदान सात वर्षं उरली आहेत त्याला झडप, नाहीतर गोळ्या. वशिला नाही, ओळख नाही, जात नाही. या नियमाच्या मसुद्यावर दर्शनाची सही होती.

डॉक्टर अंतरकर हे तिथले हृदयाचे डॉक्टर, साठी उलटलेले, तोंडाने फटकळ. त्यांनी हसूरामला तपासलं आणि दर्शनाला बाहेर बोलावून घेतलं.

"बाई, मला तुमची रेघ कळत नाही. पण छातीवर नळी लावली की मला ऐकू येतं. याच्या हृदयाचा स्नायू बैलासारखा आहे. झडप तेवढी बदला, माणूस वीस वर्षं मीठ ओढेल."

"ठिपका तसं म्हणत नाही, डॉक्टर."

"ठिपका गेला खड्ड्यात. फेरतपासणी मागा. सुई घालून स्नायूचा कण काढायचा आणि तोच पेटीत ठेवायचा. एका दिवसाचं काम. पण त्यासाठी यंत्र बनवणाऱ्याची सही लागते, म्हणजे तुमची."

सही तिच्या खिशातल्या पेनात होती. पण तीन महिन्यांपूर्वी एका मंत्र्याच्या आईसाठी हीच सही मागायला माणसं आली होती, आणि दर्शनाने त्यांना सरळ बाहेरचा रस्ता दाखवला होता. वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं होतं तिला. आता भावासाठी सही केली तर? उद्या प्रत्येक जण दारात उभा. आणि मनाच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती, ती तिने अंतरकरांना सांगितली नाही. सही करणं म्हणजे आपली रेघ चुकू शकते असं कबूल करणं.

"मी नियम मोडणार नाही," ती म्हणाली.

अंतरकरांनी हात जोडले. "धन्य आहे तुमची. मी असतो तर मोडला असता."

वनिता वहिनी बाकावर बसून सगळं ऐकत होती. हसूरामची बायको, कधी आवाज चढवणारी नव्हे. ती उठून जवळ आली.

"बाय, हातच्या कांकनाला आरसा कशाला लागतो गो? मानूस समोर बसलाय. परवापरवापर्यंत पोती उचलत व्हता. तुला तो मरनारा दिसतो का?"

"वहिनी, डोळे फसवतात. म्हणून तर मोजायचं."

"मंग मोजच तू," वहिनी म्हणाली आणि नवऱ्याला चप्पल घालायला वाकली.

बहीण एवढी शिकलेली, तिला कळत असेलच, असं हसूरामच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. तो विश्वास बघून दर्शनाला जरा बरंच वाटलं. माणूस किती आंधळा असू शकतो बघा.

पंधरा दिवसांनी हसूरामच्या पायांना सूज आली आणि त्याला केंद्राशेजारच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. गोळ्या चालू होत्या. दर आठवड्याला पेटीत हात घालायचा नियम होता. पहिल्या आठवड्यात आकडा तीनच. दुसऱ्यात पाच. सिस्टरने पेटी पुसली, पुन्हा लावली, पाचच. तिसऱ्या आठवड्यात नऊ, झडपेला पुरेल एवढा; पण आकडा कधी चढत नसतो, म्हणून तिने तो बिघाड म्हणून नोंदवला. चौथ्यात चौदा आला तेव्हा तिने घाबरून दर्शनाला फोन लावला.

"मॅडम, पेटी बिघडलीय. काकांची तब्येत खालावतेय आणि आकडा चढतोय."

"दुसऱ्या रुग्णाचा हात घालून बघितलास?"

"बघितला ना. बाकी सगळ्यांचे बरोबर येतायत. काकांचाच चढतो."

दर्शना निघाली. घाट उतरताना गाडीत एकच वाक्य तिच्या डोक्यात घुमत होतं, तिचं स्वतःचं, पहिल्या वर्गाला शिकवताना दरवर्षी म्हणायची ते. तारा मागे फिरत नाही. म्हातारा तारा पुन्हा तरुण होताना दिसला, तर ताऱ्यावर विश्वास ठेवू नका. मधे काय आहे ते बघा.

खोलीत हसूराम उशांना टेकून बसला होता. ओठ निळसर, श्वास वरवरचा. वहिनी त्याच्या तळहाताला खोबरेल चोळत होती, आणि चादरीवर पिवळट पापुद्रे पडले होते, कांद्याच्या सालींएवढाले.

"हे काय, वहिनी?"

"काय म्हंजे? घट्टे सोलतायत. महिना झाला हाताला काम नाय. चव्वेचाळीस वर्षांचे घट्टे, बसून बसून मऊ पडले बघ."

दर्शनाने एक पापुद्रा उचलला आणि खिडकीतल्या उन्हासमोर धरला. ऊन त्यातून आलं, पण अर्धंमुर्धं आणि तांबूस होऊन आलं.

ती तिथेच लोखंडी स्टुलावर बसली.

दोन ताऱ्यांच्या मधल्या पोकळीत धूळ असते. ती धूळ उजेड खाते, आणि निळा जास्त खाते, तांबडा कमी. म्हणून धुळीआडचा तारा असतो त्यापेक्षा मंद दिसतो आणि तांबडा दिसतो. अडाणी माणूस म्हणेल, हा थंड, हा संपत आलाय. तो मागे चांगला पांढराशुभ्र जळत असतो. विद्यार्थ्यांना ती दहा वेळा बजावायची: ठिपका मांडण्याआधी धुळीची वजाबाकी करा, नाहीतर तोंडावर पडाल. ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात, त्या धुळीने बदलत नाहीत. त्यांना विचारा, तारा खरा ताप सांगतो. आभाळातल्या प्रत्येक ताऱ्याची धूळ तिने वजा केली होती. आणि माणसाच्या हातावर? अकरा हजार हात मोजले, त्यांत एकाही हाताला घट्टा नव्हता. कातडीचा रंग सुचला तिला, फावड्याचा दांडा नाही सुचला. ज्या हाताला धरून ती शाळेत गेली, तो हात कसा लागायचा हे ती विसरली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिने तिथल्या तिथे फेरतपासणीची सही केली. दुसऱ्या दिवशी स्नायूच्या कणाचा आकडा आला. एकोणीस.

अंतरकरांनी कागद बघितला आणि टेबलावर ठेवून दिला. "हे एकोणीस एकट्या स्नायूचे, बाई, अख्ख्या माणसाचे नव्हेत. महिन्यापूर्वी माणसाचेही होते. आता हृदय ताणलंय, फुप्फुसांत पाणी आहे, मूत्रपिंड मान टाकतायत. टेबलावर घेतला तर खाली उतरणार नाही."

"तरी करा ना."

"झडप मागवली आहे. ती येईपर्यंत टिकला तर हात लावीन." ते आणखी काही बोलले असते तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

हसूदादाला तिने स्वतः सांगितलं. काही लपवलं नाही. पेटी चुकली, मी चुकले, घट्ट्यांमुळे तुझा उजेड बाहेर आलाच नाही, आणि डॉक्टर म्हणत होते तेव्हा मी सही केली नाही.

हसूरामने दोन्ही हात वर करून बघितले. नवी कातडी गुलाबी, तान्ह्या पोरासारखी.

"म्हंजे हे घट्टेच आडवे आले?"

"हो, दादा."

"तुला शिकवली तवा नाय आले ते आडवे."

दर्शना रडायला लागली. हसूरामने नेहमीप्रमाणे तिच्या डोक्यावर हात ठेवला नाही. त्याने मान भिंतीकडे वळवली.

"रडू नको आता. तुला समजवायला मला दम लागतो."

हे त्याचं तिच्याशी शेवटचं बोलणं. झडप आठव्या दिवशी आली. हसूराम सहाव्या दिवशी सकाळी गेला.

मंडळाचे सचिव सबनीस. नीटनेटका माणूस, समोरच्याला बोलू देणारा. दर्शनाने त्यांच्यापुढे सगळं मांडलं. राज्यात हातांनी राबणारी लाखो माणसं. गवंडी, हमाल, ऊसतोडणीवाले, विटा भाजणारे. सगळ्यांचे ठिपके खोटे. रेघ आजच्या आज बंद करा.

"मॅडम, भावाचं ऐकून वाईट वाटलं," सबनीस म्हणाले. "पण आकडे बघा. पेटीने ज्यांना तीन वर्षांच्या आत टाकलं, त्यांतले शेकडा सत्त्याण्णव तीन वर्षांत गेलेच. अचूकता वाढतेच आहे दरवर्षी."

"अहो, वाढणारच! पेटी म्हणाली मरणार, म्हणून तुम्ही उपचार काढून घेतलेत. उपचार नाहीत म्हणून माणसं मेली. आणि मेली म्हणून पेटी खरी ठरली!"

"तुम्ही नाही, मॅडम. आपण. मसुद्यावर सही आहे तुमची."

"मग निदान प्रत्येकाची सुईची तपासणी करा," ती म्हणाली.

"सगळ्यांना सुई टोचायची तर तेवढी केंद्रं नाहीत," सबनीस पुढे म्हणाले. "पण दुरुस्ती करू. परिपत्रक काढतो लगेच."

परिपत्रक निघालं. वरातीमागून घोडं, पण निघालं. 'अंगमेहनतीचे काम करणाऱ्या अर्जदारांनी एकवीस दिवस हातांना पूर्ण विश्रांती देऊन, तळहात मऊ झाल्याची खात्री करून मगच तपासणीस यावे.' दर्शनाने मंडळाचा राजीनामा दिला, वर्तमानपत्रांना पत्र लिहिलं. ते एक दिवस छापून आलं, मधल्या पानावर. भिंतीवरचा तिचा फोटो कुणी काढला नाही.

दिवसकार्याला ती शेवखारला गेली. मांडवाखाली लोक तिच्यासाठी सरकून जागा करत होते, पण शेजारी कुणी बसत नव्हतं. जेवणं उरकल्यावर वहिनीने तिला हाक मारली. प्रथम तिला वाटलं, आता वहिनी बोलेल, मनातलं काय ते ओकून टाकेल. ती त्यासाठी तयार होती.

वहिनीने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. तेच परिपत्रक.

"दवाखान्यातली आशाताई देऊन गेली. माझ्या मूत्रपिंडात खोट हाय म्हंते, पेटीत हात घालायला बोलवलाय. तू शिकलेली, तर मला एवढंच सांग. एकवीस दिस हात रिकामा ठेवायचा, तर आगर कोन बघनार? आता तर ते पन नायत."

दर्शनाने वहिनीचा हात हातात घेतला. खरखरीत, जाड, बोटांच्या मुळाशी पिवळट गाठी. "मी सुईच्या तपासणीची व्यवस्था करते, वहिनी. मी स्वतः नेते तुम्हाला."

"माझी करशील गो." वहिनीने हात सोडवून घेतला आणि मांडवात पत्रावळी गोळा करणाऱ्या बायांकडे बघितलं. "त्यांची?"

वहिनी उठली आणि त्यांना हात द्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात आपल्या प्रयोगशाळेत, कुणी नसताना, दर्शनाने पेटी चालू केली आणि हात आत घातला. दहा मिनिटं. का घातला, ते तिचं तिला माहीत होतं. आकडा लहान यावा असं फार मनापासून वाटत होतं तिला.

पडद्यावर ठिपका उमटला, रेघेच्या बरोबर मधोमध. तीस. गेल्या वर्षी एकतीस होते, वर्षभरात एक कमी झालं. तिने हात बाहेर काढून उजेडात धरला. मऊ, स्वच्छ तळहात. आड येणारं त्यावर काहीच नव्हतं. आकडा खरा होता. अजून तीस वर्षं तिला जगायचं होतं.